हलायचं नाही

टंबारी गावात कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की ग्लेनिस हार्किनला भीती म्हणून ठाऊक नाही. वर्षभर ती शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना सँडविच करून द्यायची. ऑक्टोबर सरत आला, तिकडचा हिवाळा संपून डोंगरातला बर्फ ओसरला, की पेट्रोलवरची करवत गाडीत टाकायची आणि नवऱ्याला घेऊन वर टॉलीज फ्लॅटला जायची. तिथला तंबूंचा तळ हिवाळाभर बंद असे. घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी पडायच्या आत तो उघडून द्यायचं काम या जोडप्याकडे होतं. डग गाडी चालवायचा, वाटेत आडवी पडलेली झाडं ग्लेनिस कापायची. डगचा उजवा खांदा कधीचा निकामी झाला होता.

खरी गोष्ट अशी, की ग्लेनिस भ्यायची. शेंड्याला वाळलेली फांदी लटकत असलेलं झाड कापायची वेळ आली, की तिच्या गुडघ्यांचं पाणी व्हायचं. पण तिच्या माहेरी भीती बोलून दाखवायची रीत नव्हती. बाप लाकूडतोड्या. त्याचं खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा तो हात पट्ट्याला अडकवून चालत घरी आला होता, आणि आधी जेवला होता. आईनं सकाळी धाकट्याला जन्म दिला आणि संध्याकाळी गाई पिळल्या. तमाशा करायचा नाही, एवढा एकच धर्म त्या डोंगरातले लोक मनापासून पाळत. दुखलं तर गप्प बसा, मोडलं तर बांधा, मरायचंच असेल तर पावसात मरू नका, खड्डा खणणाऱ्यांचे हाल होतात.

मागच्या उन्हाळ्यात मेलबर्नहून आलेला एक गृहस्थ तळावर साप साप म्हणून कोसळला होता. त्याच्यासाठी हेलिकॉप्टर आलं. दवाखान्यात त्याच्या पोटरीतून ब्लॅकबेरीचा काटा निघाला. तो कसा विव्हळत होता, आईच्या नावानं कसा टाहो फोडत होता, याची नक्कल ग्लेनिसनं गावच्या बारमध्ये हिवाळाभर केली. लोक पोट धरून हसायचे.

त्या दिवशी दोघं टॉलीज फ्लॅटला पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सावलीत अजून मळका बर्फ होता. ओढा भरून, आवाज करत वाहत होता. हिवाळ्यानंतर त्या जागेला एक वेगळाच वास येतो, कुजलेल्या सालीचा आणि भिजलेल्या राखेचा. ग्लेनिसला तो आवडायचा नाही. आपण नसताना इथं दुसरं कुणी राहून गेलंय, असं वाटायचं. टेबलांवर लेंड्या, गवतात लोळल्याच्या खुणा, झोपडीच्या दारावर नखांचे ओरखडे.

तळ बंद करताना शेवटचं काम ठरलेलं असे. झोपडीच्या उत्तरेच्या भिंतीशी कोरडी लाकडं रचायची आणि वर पत्रा टाकायचा. हिवाळ्यात कुणी वाट चुकून, भिजून, गारठून आलंच तर त्याच्यासाठी. आणि उघडताना पहिलं काम तो पत्रा काढायचा. तिकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून त्या भिंतीला दिवसभर ऊन. पत्रा तापतो, उबेला खाली साप येतात. म्हणून तो काढायचीही रीत होती. अलीकडे उभं राहून लांब दंताळ्यानं पलीकडची कड उचलायची. खाली जे असेल त्याला पलीकडे पळायला वाट मिळते, आणि पत्रा मध्ये ढालीसारखा उभा राहतो. ही रीत ग्लेनिसनं कितीतरी जणांना शिकवली होती.

दंताळं गाडीत राहिलं होतं. डगनं चूल पेटवून चहा ठेवला होता आणि हाका मारत होता. ग्लेनिसनं वाकून अलीकडच्या कडेखाली बोटं घातली आणि पत्रा उचलला.

बुटाच्या वर, मोज्यावर, काडी लागावी तसं काहीतरी लागलं. लाकडांच्या फटीत एक शेपूट सावकाश आत गेली. सावकाश, कारण तिला अजून पुरेशी ऊब आलेली नव्हती.

"काय गं, पत्र्याशी लग्न लावलंस का? चहा गार होतोय!"

"आले."

ती गेली. पेला हातात घेतला. बिस्किट बुडवलं.

"वॉम्बॅटनं संडासाखाली बीळ खणून बंगला बांधलाय," डग सांगत होता. "दोन खोल्या नि पुढे ओसरी. आपल्या घरापेक्षा बरा आहे. कुणी बसलं की संडासासकट खाली त्याच्या दिवाणखान्यात."

"हं."

"हं काय? एरवी एवढ्यात चार शिव्या घालून झाल्या असत्या मला."

ग्लेनिस पायाकडे बघत नव्हती. काडीच होती, असं ती मनाशी म्हणत होती. लाकडांच्या ढिगात काड्या नसतील तर काय असेल? साप आत होता हे खरं, पण काडीही होती. दोन्ही असू शकतात. तिच्या डोळ्यांसमोर बारमधले चेहरे आले. हसणारे. तिनं दुसरं बिस्किट घेतलं. मोजा आतून ओला लागत होता. दव असेल. तिनं चहा संपवला, पेला दगडावर ठेवला आणि मग, जणू बुटात खडा गेलाय अशा थाटात, मोजा खाली सारला.

"डग, चष्मा लाव नि हे बघ जरा. काडी लागलीय वाटतं."

डगनं चष्मा लावला. वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"काडीला दोन दात असतात का गं?"

"फाटा असतो की काडीला."

"कुठं लागली?"

"पत्र्यापाशी."

"साप होता?"

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. "शेपूट दिसली," ती म्हणाली.

"कधी?"

"चहाच्या आधी."

"चहाच्या आधी? आणि तू बसून बिस्किटं खातेयस?"

"तूच हाका मारत होतास ना चहाला!"

डगच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं तिला दिसलं, आणि तेव्हा पहिल्यांदा भीती आली. आपल्याला आलेली भीती माणूस दाबून टाकतो. दुसऱ्याच्या तोंडावर आलेली मात्र दाबता येत नाही.

"आडवी हो," तो म्हणाला. "इथंच. हलायचं नाही."

"गाडीत बसते. खाली जाऊ. उगाच तमाशा नको."

"पाऊल टाकायचं नाही, ग्लेन. पाय हलला की वर चढतं ते. गावातल्या पोरांना कोण शिकवतं हे? तूच ना? आणि या वाटेवर गाडी कशी आपटते माहीत आहे. हेलिकॉप्टर उतरायला सगळ्या डोंगरात ही एवढीच मोकळी जागा आहे. तू इथं थांब. मी खालच्या मळ्यावर, कटलरांच्या फोनपर्यंत जातो."

औषधपाण्याच्या डब्यात उंदरांनी हिवाळा काढला होता. पट्ट्यांचा भुगा करून त्यात पिल्लं घातली होती. डगनं शिवी हासडली, झोपडीत गेला आणि आपली लोकरीची लांब चड्डी घेऊन आला. सुरीनं तिच्या पट्ट्या केल्या. बोटांपासून सुरुवात करून जांघेपर्यंत त्यानं पाय घट्ट आवळला आणि झाडूचा दांडा बाजूला बांधला. चावल्याच्या जागी पट्टीवर सुताराच्या पेन्सिलीनं खूण करून ठेवली.

"धुऊ नकोस हां ते," डग म्हणाला. "साप कुठला ते त्यावरूनच कळतं."

"एवढं कळतं मला."

"नवी होती चड्डी."

"मेले तर तिच्यात पुरू नकोस म्हणजे झालं. लोक काय म्हणतील."

दोघंही हसली नाहीत. त्यानं तिच्या अंगावर दोन घोंगड्या टाकल्या, पाण्याची बाटली उशाशी ठेवली, कपाळावर तळवा टेकवला. तळव्याला रॉकेलचा वास होता. मग गाडी सुरू झाली, गिअर कुरकुरला, आवाज झाडांत शिरला आणि लहान होत होत ओढ्याच्या आवाजात विरून गेला.

ग्लेनिस आभाळाकडे तोंड करून पडली होती.

एवढ्या वर्षांत ती या जागेवर कधी निजली नव्हती. इथं ती आली ती कामाला. कापायला, झाडायला, खणायला. निजल्यावर झाडं किती उंच होतात. त्यांना तिची काही पडलेली नव्हती. पायात ठणका होता, पण तो आवळल्याचा की आतल्या विषाचा? डोकं दुखतंय का? दुखतंय. पण ते विचार करून दुखत असेल. तिनं जिभेनं हिरड्या चाचपल्या. रक्ताची चव येते का? लोखंडासारखं काहीतरी येत होतं. चहाच्या पेल्याचं असेल. टायगर साप चावला की आधी पापण्या जड होतात, मग एकाचे दोन दिसतात, हे ती पोरांना सांगायची. तिनं समोरच्या झाडाकडे नीट पाहिलं. दोन खोडं दिसली, मग तीन. मग आठवलं, वरच्या या युकॅलिप्टसना एका मुळातून तीन-तीन, चार-चार खोडं फुटतात. मरणाची परीक्षा घ्यायला हे असलं झाड! ती हसली असती, पण हसण्यानंही पाय हलला असता.

मग तिला करवत ऐकू आली.

खाली, दूर, वाटेच्या बाजूला. करवत सुरू झाली, घरघरली, लाकडात शिरताना तिचा स्वर खाली उतरला. ग्लेनिस ऐकत राहिली. या मैदानात एक लायरबर्ड होता. जो आवाज ऐकेल तो गळ्यात साठवायचा. दर वर्षी तो यांची करवत ऐकायचा आणि पुढे आठवडाभर झुडपात बसून तीच म्हणायचा. तोच असेल. देवा, तोच असू दे. कारण तो नसेल तर डग अजून इथंच आहे. वाटेत नवं झाड पडलंय, आणि ज्याला करवतीची दोरी ओढतानाही दात आवळावे लागतात तो माणूस एका खांद्यावर झाड कापतोय.

दोघांतला फरक तिला ठाऊक होता. पक्षी थोडाच वेळ करवत म्हणतो. मग लगेच कुकाबुरा पक्ष्याचं हसू, मग काकाकुवाची किंचाळी, मग चाबूक ओढल्यासारखी शीळ. त्याच्याजवळ सगळं एका पिशवीत असतं. ती थांबून ऐकत राहिली. करवत थांबली. मागोमाग काहीच आलं नाही. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा करवत.

डग होता.

ती ओरडली नाही. ओरडून काय होणार होतं? पण तिच्या कानांनी तिचं शरीर सोडलं आणि ते खाली वाटेवर गेले. इंजिन अडखळलं की तिचा श्वास अडखळायचा. पाचर मार, ती पुटपुटत होती, पाचर मार, नाहीतर पातं अडकेल. वर बघ. आधी वर बघ. शेंड्याला काय लटकतंय बघ. पायाची भीती त्या घटकेला कुठे गेली ते तिला कळलं नाही. तिच्या जागी दुसरी आली होती, तिच्याहून थोरली.

आणि तेवढ्यात, अगदी जवळ, झुडपात दुसरी करवत सुरू झाली. हुबेहूब. मग कुकाबुरा हसला, काकाकुवा किंचाळला. पक्षी डगची नक्कल करत होता. झाडाखालून तो पालापाचोळा उसकत पुढे आला, तपकिरी, कोंबडीएवढा, लांब पिसारा मागे ओढत. तिच्या घोंगडीच्या कडेशी नखांनी माती उकरून किडे टिपू लागला. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. ती त्याच्या लेखी ओंडका झाली होती.

खालची करवत थांबली. पुष्कळ वेळ शांतता. मग, फार बारीक, गाडीचा आवाज. ग्लेनिसच्या डोळ्यांतून पाणी कानांत गेलं. ते पुसायला तिनं हात उचलला नाही.

मग सगळी आली. एरवी कामाच्या आवाजानं जी जनावरं लांब पळत, ती. एक वॉलबी, छोट्या कांगारूसारखी, पोटाच्या पिशवीतलं पिल्लू सांभाळत ओढ्याशी गवत खायला उतरली. पिल्लाचे दोन लांब पाय पिशवीबाहेर लोंबत होते. तांबडे-निळे पोपट टेबलावर बिस्किटांचा चुरा वेचू लागले. मुंग्यांची एक रांग तिच्या उजव्या मनगटावरून चालली. मोठ्या मुंग्या, ज्यांचा डंख घोड्यालाही उधळवतो. तिनं श्वास रोखला. पहिली थांबली, मिशा हलवल्या, पुढे गेली. सगळ्या निघून गेल्यावरच ग्लेनिसनं तो सोडला. मग तिच्या लक्षात आलं, की पापण्या जड झाल्या आहेत.

झोप असेल. रात्री नीट झाली नव्हती. तिनं डोळे ताणून उघडले. ते पुन्हा मिटले. पुन्हा उघडले, तेव्हा वॉलबी नव्हती. पोपट नव्हते. झुडपात पक्षी गप्प होता.

मैदानाच्या कडेला कुत्रा उभा होता.

पिवळट रानकुत्रा. हिवाळ्याची लोकर अंगावरून चिंध्यांसारखी लोंबत होती. बरगड्या दिसत होत्या. त्याला ग्लेनिस ओंडका वाटत नव्हती. मान खाली घालून तो तिला वाचत होता. वासरू पडलं, की कुत्री आधी अशीच लांब उभी राहतात, हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. पडलेलं उठतंय की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं.

उठले तर विष चढेल. नाही उठले तर हा जवळ येईल.

तो जवळ आला. थोडं चालला, बसला, कान खाजवला, जणू त्याला काही घाई नव्हती. पुन्हा उठला. आता त्याच्या डोळ्यांचा रंग दिसत होता. चुलीतला जाळ केव्हाच विझला होता.

"ए," ग्लेनिस म्हणाली. आवाज फुटला नाही. जीभ जड झाली होती. "ए, चल. जा घरी."

कुत्र्यानं मान वाकडी केली.

"माझ्यात विष आहे," ती त्याला म्हणाली. "खरंच सांगते. मला खाल्लंस तर तूही मरशील. माझा नवरा आत्ता येईल. खांद्यानं अधू आहे, पण दगड डाव्या हातानं मारतो." ती बोलत राहिली, कारण बोलणं तेवढं पायाशिवाय करता येत होतं. शब्द तोंडात एकमेकांना चिकटत होते. आईबापांचं सांगितलं, कँटीनचं सांगितलं. आणि मग जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "मला भीती वाटते रे. फार भीती वाटते. जाऊ नकोस म्हटलं असतं तर डग गेला नसता. मी म्हटलं नाही."

कुत्रा ऐकत होता, किंवा थांबला होता. दोन्ही सारखंच. मग त्याचे कान मागे वळले. ग्लेनिसला काही ऐकू येण्याआधी तो झाडांत नाहीसा झाला होता. मागाहून डोंगराच्या पाठीमागून धपधप आवाज आला, वाढत गेला, आणि सगळं गवत एका बाजूला झोपलं.

"हलायचं नाही हं, मॅडम," हेल्मेट घातलेला एक माणूस तिच्यावर वाकून ओरडला.

"इतका वेळ काय करत होते मग?" असं ती म्हणाली. निदान तिला तसं वाटलं. त्या माणसाला नुसता घुं घुं आवाज ऐकू आला, आणि त्यानं मागे वळून घाई करा असा हात केला.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती. पट्टीला पेन्सिलीच्या खुणेपाशी खिडकी पाडून तिनं कातडीवरून बोळा फिरवला आणि तो तपासायला आत घेऊन गेली. परत आली ती थेट सलाईनकडे. "टायगर," ती म्हणाली. "रक्त गोठत नाहीये. औषध देतेय. हे अंगात भिनलं की मग पट्टी काढू. त्याआधी काढली तर पायात अडकलेलं सगळं एकदम वर येईल."

पट्टी कापायची वेळ आली, तेव्हा डग कोपऱ्यात उभा होता. कटलरांच्या गाडीनं तो मागाहून पोचला होता. त्याचा हात गळ्यातल्या झोळीत होता. कात्रीचा गार स्पर्श जांघेला झाला, आणि ग्लेनिस ओरडली. शब्द नव्हता त्यात. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. डॉक्टरीण थांबली, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ओरडा तुम्ही," आणि पुढे कापत गेली. लोकरीच्या चिंध्या एकेक गळून पडल्या. खालचा पाय पांढरा, सुरकुतलेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. रात्र तशीच गेली. कुणी येऊन रक्त नेई, कुणी येऊन पापण्या वर करायला सांगे.

सकाळच्या तपासणीत रक्त पुन्हा नीट गोठायला लागलं होतं. धोका टळला, असं डॉक्टरीण म्हणाली, आणि आता उठून दारापर्यंत चालून दाखवा.

ग्लेनिस हलली नाही. नर्सनं सांगितलं. तरी नाही. डगनं पलंगाखालच्या सपाता काढून समोर ठेवल्या.

"अगं उठ की. टळलं म्हणतायत ना."

"उठवत नाही."

"दुखतंय?"

"नाही." तिनं चादर मुठीत धरली. "भीती वाटते, डग. पाय टेकला की काहीतरी होईल असं वाटतं. मला रोजच वाटते. झाडं कापतानासुद्धा. नेहमीच वाटत आलीय."

डग खुर्चीत बसला. झोळीतला हात सावरला.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुझे गुडघे लटपटतात ते गाडीतून दिसतात मला. तू कापायला लागलीस की मी दाराची कडी धरून बसलेला असतो. झाड कुठं पडतं, पळायचं कुठून, सगळं हिशेबात धरून. पहिल्या वर्षापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी ढकलत गेलं. ग्लेनिसनं पाय पलंगावरून खाली सोडला, सपात न घालता. फरशी गार होती. तिनं वजन टाकलं. काहीच झालं नाही. डगचा डावा हात धरून ती उभी राहिली, आणि दुसरं पाऊल टाकण्याआधी बराच वेळ तशीच थांबली. त्यानं तिला घाई केली नाही.